वीस वर्षांचा नकाशा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून बारीक टायपातली एक सरकारी सूचना येते. अमुक शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली आहे, नकाशे महापालिकेच्या कार्यालयात पाहण्यासाठी ठेवले आहेत, कोणाच्या हरकती वा सूचना असतील तर त्या मुदतीत लेखी द्याव्यात, असा तिचा मजकूर असतो. आपल्यापैकी बहुतेक जण ती ओलांडून पुढच्या बातमीकडे वळतात. पण आपल्या घरासमोरचा रस्ता बारा मीटरचा राहणार की चोवीस मीटरचा होणार, शाळेशेजारच्या मोकळ्या जागेवर मैदान राहणार की इमारत उठणार, गावाबाहेरच्या शेतात पुढे घरे होणार की गोदामे, या सगळ्याचा निर्णय त्या सूचनेत उल्लेखलेल्या नकाशांवर होत असतो.

हा नकाशा कसा तयार होतो, तो जुना झाला म्हणजे नवा कसा करतात आणि या कामात शहरे नेमकी कोठे अडखळतात, हे या लेखात पुण्याच्या उदाहरणावरून पाहू या. पुणे निवडण्याचे कारण एवढेच, की तेथे अशा नकाशांच्या तीन पिढ्या झाल्या आहेत. पहिला १९६६ मध्ये मंजूर झाला, दुसरा १९८७ मध्ये आणि तिसरा २०१७ मध्ये. रीत मात्र सर्व महाराष्ट्रात सारखीच आहे. त्यामुळे नाशिकच्या, कोल्हापूरच्या किंवा एखाद्या लहान नगरपरिषदेच्या गावातल्या शिक्षकांनाही यातले बरेचसे आपल्या गावाला लावून पाहता येईल.

योजना म्हणजे काय?

आपल्याकडे नगररचनेचा पहिला कायदा झाला तो १९१५ साली, मुंबई इलाख्यात. त्याने शहराच्या एखाद्या तुकड्याची नीट आखणी करता येत असे. पुण्यात भांबुर्ड्याची, म्हणजे आजच्या शिवाजीनगर भागाची, नगररचना योजना अशाच प्रकारची. पुढे १९५४ च्या कायद्याने सबंध शहराचा एकत्र विचार करणारी विकास योजना आली आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आजही त्या योजनांचा आधार आहे. बोलण्यात आपण 'विकास आराखडा' किंवा नुसते 'डी.पी.' म्हणतो. कायद्याचा शब्द 'विकास योजना' असा आहे.

या योजनेत मुख्यतः तीन गोष्टी असतात. शहराची सर्व जमीन निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती अशा विभागांत वाटलेली असते. दुसरे म्हणजे शाळा, मैदान, दवाखाना, मंडई, दुर्बल घटकांसाठी घरे अशा सार्वजनिक कामांसाठी ठरावीक जागा राखून ठेवलेल्या असतात. यांना आरक्षणे म्हणतात. जागा खाजगी मालकीची असली तरी तिच्यावर आरक्षण पडू शकते, हे लक्षात ठेवावे, कारण पुढची बरीचशी गुंतागुंत यातूनच निर्माण होते. तिसरी गोष्ट म्हणजे रस्ते, म्हणजे असलेले, रुंद करायचे आणि नव्याने काढायचे.

नकाशाबरोबर एक नियमावली असते. तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, ज्याला सगळे एफ.एस.आय. म्हणतात. पाचशे चौरस मीटरच्या जागेवर निर्देशांक १ असेल तर सर्व मजल्यांचे मिळून पाचशे चौरस मीटर बांधकाम करता येते. मग ते अडीचशेचे दोन मजले असोत की शंभराचे पाच. निर्देशांक २ केला की त्याच जागेवर दुप्पट कुटुंबे राहू शकतात. मात्र समोरचा रस्ता, खालची जलवाहिनी आणि सांडपाण्याचा नळ आपोआप दुप्पट होत नाही. एका ओळीत बदलता येणारा हा आकडा जमिनीखाली आणि रस्त्यावर किती कामे लादतो, हे मुलांना या साध्या गुणाकारातून चांगले समजते.

शहर वाढत राहते, नकाशा तेथेच थांबतो. म्हणून कायद्याने वीस वर्षांतून किमान एकदा योजना सुधारायला सांगितले आहे. सुधारणा म्हणजे जुन्या नकाशावर चार नव्या रेघा मारणे नव्हे. काम जवळजवळ पहिल्यापासून करावे लागते.

आधी पाहणी

पॅट्रिक गेडिस हा मूळचा जीवशास्त्रज्ञ. हा स्कॉटिश विद्वान १९१४ मध्ये भारतात आला, मुंबई इलाख्यातल्या आणि इतरही अनेक शहरांत हिंडला, त्यांच्यावर अहवाल लिहिले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचा आग्रह एकच होता, की आधी पाहणी, मग योजना. वैद्याने नाडी न पाहता औषध देऊ नये, तसे शहर पायी फिरून पाहिल्याशिवाय कोणी त्यात रस्ता आखू नये. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी शेकडो घरे पाडण्याच्या त्या काळच्या पद्धतीला तो विरोध करी. चार पडकी घरे काढून, एखादी विहीर व अंगण मोकळे करूनही तेच काम होते, हे तो दाखवून देई.

आजच्या कायद्यातही पहिली पायरी हीच आहे. महापालिका योजना सुधारण्याचा इरादा जाहीर करते आणि मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करते. प्रत्येक जागेवर आज प्रत्यक्षात काय आहे ते रंगाने दाखवतात. साधारण रूढ रंग असे आहेत: निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक व निमसार्वजनिक लाल, उद्याने व मैदाने हिरवा.

सांगायला हे सोपे आहे. करायला बसले की अडचणी सुरू होतात. पुण्याच्या पेठांतला एखादा जुना वाडा घ्या. रस्त्याच्या बाजूला तीन दुकाने, मागे छापखाना, वर सहा भाडेकरू, अंगणात खाजगी शिकवणीचा वर्ग. याला कोणता रंग द्यायचा? निळा दिला तर सहा कुटुंबे नकाशावरून नाहीशी होतात. पिवळा दिला तर दुकाने आणि छापखाना, म्हणजे वीस-पंचवीस माणसांचा रोजगार, दिसेनासा होतो. दोन्ही दाखवणारा मिश्र वापराचा रंग असतो खरा, पण आपल्या जुन्या शहरांत तो वापरायचा तर पानेच्या पाने त्याच एका रंगात रंगतील आणि नकाशा काहीच सांगेनासा होईल.

पाहणी चुकली तर काय होते, हे मुंबईने २०१५ मध्ये पाहिले. फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या प्रारूप योजनेत अस्तित्वात असलेल्या इमारतींवरून रस्ते गेलेले दिसले आणि वारसा वास्तू व प्रार्थनास्थळे यांच्या नोंदी चुकल्याचे लोकांनी दाखवून दिले. एवढा गदारोळ झाला, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा रद्द करून दुरुस्त करायला सांगितले. सुधारलेली योजना २०१८ मध्ये मंजूर झाली. उपग्रहचित्रे आणि संगणक हाताशी असताना हे घडले. वरून छप्पर दिसते, छपराखाली काय चालते ते दिसत नाही. गेडिसची पायपीट अजून कालबाह्य झालेली नाही, असे आम्हाला वाटते ते यामुळेच.

हा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गाला करता येतो. शाळेभोवतालच्या दोन-तीन गल्ल्यांचा कच्चा नकाशा काढावा, मुलांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटाने स्वतंत्रपणे रंग भरावेत. मग सर्व नकाशे शेजारी शेजारी लावावेत. ते एकसारखे येणार नाहीत. कोणत्या घरावर मतभेद झाला आणि का, ही चर्चा त्या तासाचा खरा भाग.

किती माणसे येणार?

दुसरा प्रश्न गणिताचा. वीस वर्षांनी शहरात किती माणसे असतील?

पुणे महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या जनगणनेनुसार १९६१ मध्ये ६.०७ लाख, १९७१ मध्ये ८.५६ लाख आणि १९८१ मध्ये १२.०३ लाख होती. आपण १९८१ मध्ये बसलो आहोत आणि पुढचे आकडे आपल्याला ठाऊक नाहीत, असे समजू.

पहिली पद्धत अंकगणिती. मागच्या दोन दशकांत अनुक्रमे २.४९ व ३.४७ लाखांची भर पडली. सरासरी २.९८ लाख. दर दशकात एवढीच भर धरली तर १९९१ मध्ये १५.०१ लाख आणि २००१ मध्ये १७.९९ लाख माणसे होतील. दुसरी पद्धत भूमितीय. दोन्ही दशकांत लोकसंख्या सुमारे १.४१ पट झाली. तीच पट पुढे चालवली तर १९९१ ला १६.९६ लाख आणि २००१ ला २३.९ लाख येतात. एकाच माहितीवरून काढलेल्या दोन उत्तरांत वीस वर्षांनी जवळजवळ सहा लाखांचा फरक पडतो. १९६१ चे सबंध पुणेच तेवढे होते!

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. १९९१ मध्ये १५.६७ लाख, म्हणजे दोन अंदाजांच्या दरम्यान. इथवर गणिताने बरे काम केले. पण २००१ मध्ये २५.३८ लाख भरले, म्हणजे मोठ्या अंदाजाहूनही जास्त. मुलांना येथे थांबवून कारण शोधायला लावावे. जन्मदर वाढला का? बाहेरून लोक जास्त आले का? दुसरे काही प्रमाणात खरे आहे. पण एक मोठे कारण असे, की १९९७ मध्ये शहराची हद्दच बदलली. आजूबाजूची गावे महापालिकेत आली. त्यांतली काही पुढे वगळली गेली, तरी तेवीस राहिली आणि सुमारे १४६ चौरस किलोमीटरचे शहर सुमारे २४४ चौरस किलोमीटरचे झाले. म्हणजे १९९१ चा आकडा एका शहराचा आणि २००१ चा दुसऱ्याच शहराचा. दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी ते एकाच वस्तूचे आहेत ना, हे पाहायचे असते. प्रयोगशाळेत आपण हे शिकवतो, जनगणनेच्या कोष्टकापुढे मात्र विसरतो.

हद्दवाढ तेथे थांबली नाही. २०१७ मध्ये अकरा गावे आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. त्यांतली उरुळी देवाची व फुरसुंगी २०२४ मध्ये पुन्हा वेगळी काढली गेली. गाव हद्दीत येते तेव्हा तेथे बहुतेक बांधकामे आधीच उभी असतात. योजना त्यांच्या मागून येते. रस्त्याची रेघ आखायची ती उभ्या इमारतींमधल्या फटी शोधून.

आकडा जवळपास बरोबर आला तरी माणसे कोठे राहतील आणि कोठे कामाला जातील, हे त्यातून कळत नाही. १९८७ ची योजना मंजूर झाली तेव्हा संगणक ही थोड्या कचेऱ्यांत दिसणारी वस्तू होती. पुढे हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाची वसाहत झाली, तीही महापालिकेच्या हद्दीबाहेर. कोथरूड, औंध, बाणेर येथे घरे आणि हिंजवडीला काम, असा हजारो माणसांचा रोजचा प्रवाह सुरू झाला. जुन्या नकाशात त्याच्यासाठी वाट नव्हती. नियोजनकारांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. हद्दीपलीकडचे पाहण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. पुणे महानगर प्रदेशाचे विकास प्राधिकरण स्थापन झाले ते २०१५ मध्ये.

आणखी एक अडचण ताजी आहे. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१.२४ लाख होती. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढची २०२७ साठी जाहीर झाली. मधल्या काळात ज्या शहरांना योजना सुधारायच्या होत्या, त्यांना जुन्या आकड्यांवरच अंदाजांचे मजले चढवावे लागले.

माणसे, चौरस मीटर आणि रस्ते

लोकसंख्येचा अंदाज हाती आला की मानकांचा गुणाकार सुरू होतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. एक लाख माणसांना माणशी दहाप्रमाणे दहा लाख चौरस मीटर, म्हणजे शंभर हेक्टर, म्हणजेच सबंध एक चौरस किलोमीटर जागा उद्याने व मैदाने यांना हवी. दाट पेठांत एवढी जागा आणायची कोठून? मग आरक्षणे शहराच्या कडेला, जेथे जमीन मोकळी आहे तेथे सरकतात. कागदावर सरासरी जमते. कसब्यातल्या मुलाला मात्र कडेच्या मैदानाचा उपयोग नसतो.

रस्त्यांचाही हिशेब करून पाहू. एक किलोमीटर लांबीचा बारा मीटरचा रस्ता चोवीस मीटर करायचा, तर बारा हजार चौरस मीटर, म्हणजे सव्वा हेक्टरच्या आसपास जमीन लागते. ही जमीन सर्वांत महागडी, कारण ती रस्त्याला लागून असते. दुकाने तेथेच असतात. एवढे करून मिळते काय? वाहतुकीच्या पाठ्यपुस्तकांत सलग वाहणाऱ्या एका मार्गिकेतून तासाला साधारण अठराशे मोटारी जातात असे धरतात. चौकातला दिवा निम्मा वेळ हिरवा असेल तर नऊशे. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर तासाला साडेतेराशे माणसे पार होतात. त्याच मार्गिकेतून दर मिनिटाला पन्नास प्रवाशांची एक बस सोडली तर तीन हजार माणसे जातात आणि मार्गिका बराच वेळ रिकामी राहते. रस्त्याची रुंदी ठरवण्यापूर्वी त्यावरून काय न्यायचे आहे, वाहने की माणसे, हे ठरवावे लागते. अनेक विकास योजना हा प्रश्न न विचारताच रुंदी वाढवत आल्या आहेत, असे आमचे मत आहे.

पुणे विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल हे याचे बोलके उदाहरण. दोन हजारच्या दशकात बांधलेले हे पूल पंधरा वर्षेही पुरी होण्याआधी, २०२० मध्ये, पाडावे लागले, कारण हिंजवडीची मेट्रो आणि त्याबरोबरचा नवा दुमजली पूल त्यांच्यासह बसत नव्हता. पूल कच्चे नव्हते. रस्त्याची आणि सार्वजनिक वाहतुकीची आखणी एका कागदावर झाली नव्हती.

याच्या उलट उदाहरण म्हणजे शहराच्या आतून फिरणारा सुमारे पस्तीस किलोमीटरचा उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग. तो १९८७ च्या नकाशात आखलेला आहे. म्हणजे दूरदृष्टी होती! २०१९ मध्ये निविदा निघाल्या, त्या अंदाजापेक्षा फार जास्त रकमेच्या आल्या आणि काम पुढे सरकले नाही. रेघ कागदावर राहिली. त्या रेघेखाली ज्यांची घरे व जागा येतात, त्यांना इतकी वर्षे ना तेथून उठवले गेले, ना मोकळे केले गेले. घराचा मजला वाढवायचा की नाही, मुलीच्या लग्नासाठी जागा विकता येईल की नाही, हे सर्व एका न झालेल्या रस्त्यावर अडून राहते.

वेळ जातो कोठे?

मूळ मुद्द्याकडे आता येऊ. लोकसंख्येचे अंदाज चुकतात, पण त्यांतली चूक सोसण्याजोगी असते. आपण वर पाहिले, की दहा वर्षांचा अंदाज शालेय गणितानेही बराच जवळ येतो. योजना निकामी होते ती मुख्यतः उशिराने.

पुण्याच्या पहिल्या व दुसऱ्या योजनेत एकवीस वर्षांचे अंतर पडले, दुसऱ्या व तिसऱ्यात तीस. तिसरीचे नाव '२००७ ते २०२७' असे होते. इरादा २००७ मध्ये जाहीर झाला, प्रारूप योजना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. कायद्यानुसार त्या ऐकण्याचे काम सात जणांच्या नियोजन समितीकडे असते. तिघे महापालिकेच्या स्थायी समितीतले आणि चौघे सरकारने नेमलेले तज्ज्ञ. दोन्ही बाजूंचे एकमत झाले नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने योजना महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दिली आणि अंतिम मंजुरी २०१७ च्या जानेवारीत आली. वीस वर्षांच्या योजनेची दहा वर्षे मंजुरीतच गेली.

या दहा वर्षांत शहर थांबले नव्हते. प्रारूप प्रसिद्ध होईपर्यंत परवानग्या जुन्या योजनेप्रमाणेच द्याव्या लागतात. पाहणीच्या दिवशी मोकळी दिसलेली जागा आरक्षण पडेपर्यंत मोकळी राहतेच असे नाही. नियोजनकार आज काढलेल्या छायाचित्रावर काम करतो आणि त्याचा निकाल दहा वर्षांनंतरच्या शहरावर लागू होतो.

हरकतींमुळे उशीर होतो, म्हणून त्या नकोतच, असे म्हणणारे लोक भेटतात. आम्हाला ते पटत नाही. मुंबईच्या चुका हरकतींनीच उघड झाल्या. पण एक असमतोल ध्यानात घेतला पाहिजे. मैदानाचे आरक्षण एका जमीनमालकाचे मोठे नुकसान करते आणि दहा हजार माणसांना थोडा थोडा फायदा देते. मालक वकील लावून हरकत देतो. दहा हजारांपैकी 'हे आरक्षण ठेवा' असे लिहून देण्यासाठी कोण जातो? जी मुले तेथे खेळणार ती तर अजून जन्मलेलीही नसतात. भाडेकरूचे तसेच. रस्त्यात घर गेले तर मालकाच्या मोबदल्याची चर्चा आधी होते.

आरक्षण टाकले म्हणजे जागा मिळाली असेही नाही. ती संपादन करावी लागते आणि त्यासाठी पैसे लागतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर मोबदला बाजारभावाच्या दुपटीच्या घरात गेला. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे, पण महापालिकांच्या तिजोऱ्या तेवढ्या भरलेल्या नाहीत. म्हणून हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टी.डी.आर.ची युक्ती निघाली. मैदानासाठी जागा दिली तर तिच्यावर जेवढे बांधकाम करता आले असते तेवढ्याचा, आता तर त्याहूनही अधिक, हक्क मालकाला प्रमाणपत्राच्या रूपात मिळतो. तो दुसरीकडे वापरावा किंवा विकावा. मुंबईने १९९१ च्या नियमावलीत ही पद्धत आणली. पालिकेला रोख पैसे मोजावे लागत नाहीत, ही तिची सोय. बांधकाम मात्र नाहीसे होत नाही, ते जागा बदलते. मुंबईत हा हक्क बेटावरील जुन्या शहरात वापरता येत नसे, त्यामुळे त्याचा भार उपनगरांच्या रस्त्यांवर व नळांवर आला. वर चटईक्षेत्राच्या परिच्छेदात केलेला गुणाकार येथे पुन्हा करून पाहावा.

जागा रिकामी राहिली तर तेथे वस्ती होते. शहराला बांधकामावर, घरकामाला, सफाईला माणसे लागतात आणि त्यांना परवडतील अशी घरे योजनेत रंगवलेली असली तरी बांधलेली नसतात. मग 'उद्यान' लिहिलेल्या हिरव्या तुकड्यावर झोपड्या उभ्या राहतात. पुढच्या सुधारणेच्या वेळी सर्वेक्षक तेथे येतो तेव्हा त्याने कोणता रंग भरायचा? पिवळा भरला तर उद्यान गेले आणि त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाची जमीन शोधायची. हिरवा ठेवला तर वीस वर्षे राहणारी माणसे कागदावर अतिक्रमण ठरतात. विभागात पाच हजार माणसे वाढली म्हणून उद्यान हवे आणि तीच पाच हजार माणसे त्या उद्यानाच्या जागेवर राहतात, असा हा पेच आहे. त्याला नकाशावर उत्तर नाही. परवडणारी घरे आरक्षणाच्या वेळीच बांधली असती तर तो पडला नसता.

आरक्षणावर कायद्याने घड्याळही लावले आहे. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीत संपादनाचे पाऊल पडले नाही तर आरक्षण रद्द होते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती, ती २००९ मध्ये एक वर्षाची आणि २०१५ मध्ये दोन वर्षांची झाली. 'पाऊल' म्हणजे काय, यावरही भांडण होते. संपादनाचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे नुसता धाडून देणे म्हणजे पाऊल नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले. कोणाची जमीन अनंतकाळ अडकवून ठेवता येऊ नये, हा या कलमाचा हेतू रास्त आहे. मात्र जी महापालिका वेळेत हलत नाही तिच्या हद्दीत याचा परिणाम एवढाच होतो, की शाळा आणि मैदाने एकेक करून नकाशावरून पुसली जातात.

ज्यांना वर्गाबरोबर हे पाहायचे असेल त्यांनी शाळेच्या परिसराचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर मिळवावा आणि महापालिकेच्या वा नगरपरिषदेच्या बांधकाम किंवा नगररचना विभागातून त्या भागाचा भाग नकाशा घ्यावा. एखाद्या ठरावीक जागेविषयी खात्री हवी असेल तर झोन दाखला मागता येतो. त्यावर योजनेच्या मंजुरीची तारीख असते. मुलांनी आधी रंगवलेला नकाशा आणि हा नकाशा शेजारी ठेवून, आरक्षण आहे पण प्रत्यक्षात काहीच झालेले नाही अशा जागांची यादी करावी. प्रत्येकीपुढे मंजुरीचे वर्ष लिहून त्यात दहा मिळवावेत. पुण्यात २०१७ मध्ये नव्याने टाकलेल्या आरक्षणांसाठी ही बेरीज जानेवारी २०२७ येते.